आठ आण्यांचा कौल

"उजवं पडलं! उजवं पडलं!"

पत्र्याच्या शेडमध्ये दाटलेली माणसं एकदम उसळली. पुढच्यांनी हात वर केले, मागच्यांनी टाचा वर केल्या, आणि ज्यांना काहीच दिसलं नव्हतं त्यांनी सगळ्यांत मोठ्यानं चांगभलं म्हटलं. ओट्यावर परातीएवढा पितळेचा मुखवटा होता. त्याच्या उजव्या गालावरचं तगरीचं पांढरं फूल खाली केळीच्या पानावर पडलं होतं. डाव्या गालावरचं अजून घट्ट चिकटून होतं.

"चादरवाल्या शेटजींना देव पावला!" धनेश्वर महाराजांनी दोन्ही हात पसरले. "किती? बोला, किती?"

"आठ आणे!" शेड गरजली.

"शेकडा, महिन्याला व्याज फक्त आठ आणे! अरे, बँकेत जा, साहेब कागद मागतो. सावकाराकडं जा, तो बायकोच्या गळ्यातलं मागतो. माझा ऋणमोचन काय मागतो?"

"मन!"

"कसलं मन?"

"शुद्ध मन!"

"आणि मन शुद्ध नसलं तर?"

सगळ्यांच्या नजरा ओट्याशेजारच्या खुंटीकडे गेल्या. तिथं आसूड लटकत होता. त्याची वादी वापरून वापरून काळी पडली होती.

गर्दीच्या कडेला दाक्षायणीबाई उभ्या होत्या. नगरपालिकेच्या शाळेत त्या सातवीला शिकवत. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. त्यात आज सोमवारचा उपास. देवळात त्या कधी कुणाशी वाद घालत नसत. पण आज त्या खुंटीवरच्या आसुडावरून त्यांची नजर हटत नव्हती.

शेजारच्या केराबाईनं त्यांना ओढून आणलं होतं. "बाई, तुमी बी चला की. लई जागृत देव हाय. आमच्या मालकांचा आज कौल हाय. तुमी संगं असला की मला धीर येतो."

केराबाईचा नवरा सिद्धाप्पा दुसऱ्याच्या हातमागावर मजुरीनं चादरी विणत असे. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली तेव्हा तो वळसंगच्या बाजूनं सोलापुरात आला, आणि दोन वर्षांत माग शिकला. आता मागाचा मालक धंदा सोडून चालला होता. येत्या अमावास्येच्या आत पैसे दिले तर माग सिद्धाप्पाचा, नाहीतर भंगारवाल्याचा. आणि माग गेला की काम गेलं.

अशा वेळी त्याला फलक दिसला. शेडच्या दारावर हातभर अक्षरांत: 'ऋणमोचन देवस्थान. तारण नाही, जामीन नाही. शेकडा आठ आणे.' खाली बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेलं होतं. पण त्यावर झेंडूचा हार असा सोडला होता की दिसू नये. दाक्षायणीबाईंनी येताना हार बोटानं बाजूला केला होता. 'देवाच्या कौलाप्रमाणे कमीजास्त,' असं ते होतं.

"सिद्धाप्पा, पुढं ये!"

सेवेकरी जोतीरामनं हाक दिली. हा जोतीराम फार गोड माणूस. बाहेरच्या ओसरीवर तो सगळ्यांना चहा द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा, घरची विचारपूस करायचा. पैसे किती दिवसांत लागतात? आणखी कुठं मागून पाहिलंत? कोण देईना? अरेरे! मग कपाळाला टिळा लावून तो माणसाला आत सोडायचा. सिद्धाप्पाच्या कपाळावर त्यानं ठसठशीत लाल कुंकू लावलं होतं.

महाराजांनी मुखवट्यासमोरच्या दोन चांदीच्या वाट्या उचलून दाखवल्या. "ही गंगेची, ही भीमेची! गोपीचंदन मिसळलेलं पवित्र तीर्थ!" एक फूल एका वाटीत बुडवलं, दुसरं दुसरीत. डोळे मिटून पुटपुटत दोन्ही फुलं देवाच्या दोन गालांवर दाबली.

सिद्धाप्पाचे ओठ हलत होते. केराबाईनं दाक्षायणीबाईंचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या.

डावं फूल थरथरलं, घसरलं आणि पडलं.

"पाप!" महाराज किंचाळले. "पाप हाय ह्याच्या पोटात! देव म्हणतो पाच रुपये! शेकडा, महिना पाच!"

सिद्धाप्पा मटकन खाली बसला. "म्हाराज, पाच रुपयानं मी मरंन की."

"मरू कसा देईन? देव दयाळू हाय. झाडणी घे, पाप उतरव, आकडा उतरंल. घेतोस?"

सिद्धाप्पानं सदरा काढला.

पुढचं दाक्षायणीबाईंना पाहवलं नाही, पण ऐकू येत होतं. वादी हवेतून येताना शिट्टीसारखी वाजायची आणि मग पाठीवर ओल्या कापडासारखी बसायची. दर फटक्याला शेड 'चांगभलं' म्हणायची. पहिल्यांदा सिद्धाप्पा ओरडला. मग कण्हला. मग आवाज यायचा थांबला, तेव्हा त्यांनी मान वर केली. त्याच्या पाठीचं कातडं उसवलं होतं, आणि महाराजांच्या पांढऱ्या धोतरावर रक्ताचे शिंतोडे उडाले होते.

पुन्हा फुलं लागली. पुन्हा डावं पडलं. पण महाराज हसले.

"चार! एक रुपया सुटला! उरलेलं पाप घरच्या लक्ष्मीचं हाय. पुढल्या सोमवारी ती झाडणीला बसली तर आणखी एक सुटंल."

केराबाईला सातवा महिना लागला होता. तिनं पोटावर पदर ओढला आणि मान डोलावली.

बाहेर पडताना दाराशी बिरप्पा बसलेला दिसला. चांगला विणकर. गेल्या महिन्यात त्याचा हप्ता चुकला. सेवेकऱ्यांनी त्याचा उजवा हात उंबऱ्यावर ठेवून वर दगड घातला. देवाचा कोप झाला, असं सगळे म्हणाले. बिरप्पाही तेच म्हणे. आता त्या बोटांनी त्याला तुटला धागा सांधता येत नव्हता, म्हणून तो भाविकांच्या चपला सांभाळायचा.

सिद्धाप्पाला घरी आणून पालथं निजवलं. दाक्षायणीबाई शाळेच्या औषधपेटीतली टिंक्चर आयोडीनची बाटली घेऊन आल्या. कापूस बुडवून त्या एकेक वळ पुसू लागल्या. सिद्धाप्पा उशी चावत होता.

"देवानं एक रुपया सोडला, बाई," दातांतून तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू होतं, आणि तेच दाक्षायणीबाईंना जास्त लागलं.

केराबाई बाजूला बसून पदराची गाठ सोडत होती. प्रसादाची दोन्ही फुलं तिनं तळहातावर घेतली, डोळ्यांना लावली. "हे डावं, पडल्यालं. हे उजवं, पडलंच न्हाय बगा." दाक्षायणीबाईंच्या हातातल्या कापसाचे थेंब त्या फुलांवर गळले.

केराबाईनं किंकाळी फोडली.

उजवं फूल काळं पडत होतं. आधी कडा निळ्या झाल्या, मग पाकळ्या, मग शाई सांडावी तसा सगळा देठ. डाव्या फुलावर मात्र औषधाचा नुसता तांबूस डाग होता.

"पाप! बाई, पाप माझं! मला दिसलं!" तिनं फुलं भिरकावून दिली आणि कपाळ भिंतीवर आपटायला लागली. दाक्षायणीबाईंनी तिला मागून मिठी घातली आणि धरून ठेवलं.

धरून ठेवल्या ठेवल्याच त्या विचार करत होत्या. हा काळानिळा रंग त्यांनी पाहिला होता. दरसाल पाहत होत्या. सातवीच्या वर्गात बटाटा कापून त्यावर हेच औषध टाकायचं आणि मुलांना विचारायचं, काय झालं? पोरं ओरडायची, काळा झाला बाई! का झाला? पिष्ट आहे म्हणून!

"केराबाई, घरात भात आहे का? शिळा असला तरी चालेल."

"भात?"

"आण तर."

वाडग्यात चमचाभर भात होता. त्यावर थेंब पडला आणि भात फुलासारखाच काळा झाला. केराबाई बघत राहिली.

"उजव्या फुलाला खळ लावली होती," दाक्षायणीबाई सावकाश म्हणाल्या. "तुम्ही मागावरच्या ताण्याच्या धाग्यांना लावता ती. पिठाची पेज. खळ लावलेलं फूल चिकटून राहतं. नुसत्या पाण्याचं पडतं. कुठल्या गालावरचं पाडायचं ते देव नाही ठरवत, केराबाई. वाटी ठरवते."

खाटेवरून सिद्धाप्पा उठला. जखमा ताणल्या तसा त्याचा चेहरा वाकडा झाला.

"बाई, तुमी शाळा शिकवा. देवाला हात लावू नका."

"अरे, तिला सातवा महिना आहे! त्या वादीखाली..."

"चार रुपयानं माग घेतला तर माग माझा आन कमाई म्हाराजाची! तीन झाले तर पोरगं जगंल. तुमी देता का पैसा? द्या की! हाय?" त्यानं फळीवरचं भांडं उचलून जमिनीवर आदळलं. "न्हाय ना? मग जावा हितनं!"

केराबाई मधे पडली, तर त्यानं तिलाही ढकललं. दाक्षायणीबाई दारात थांबल्या. त्यांच्याजवळ तेवढे पैसे खरंच नव्हते. केराबाई खाली मान घालून म्हणाली, "जावा बाई. मी बसणार झाडणीला. भात काळा झाला त्येचं काय सांगू? भातालाबी पाप असंल."

आठवडाभर दाक्षायणीबाई रोजच्यासारखी पूजा करत होत्या, पण मन लागत नव्हतं. देवाचं नाव घेऊन कुणी खोटं बोलावं, हे त्यांना खपत नसे. चौकीवर जाऊन त्यांनी सांगून पाहिलं. हवालदार हसला. "बाई, मार खाणारा तक्रार करत नाही, तर मी काय करू? आणि देवाचं प्रकरण आहे." मोठ्यानं भांडायची त्यांना सवय नव्हती. भररस्त्यात त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. पण केराबाईचं पोट डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

सोमवारी त्या पूजेचं ताट घेऊन शेडमध्ये गेल्या. ताटात हळद, कुंकू, विभूती, आणि बेलाच्या पानांखाली टिंक्चरची बाटली.

आज गर्दी जास्त होती. गरोदर बाईची झाडणी म्हणून लोक लांबून आले होते. आधी एका सोनाराला आठ आणे झाले. मग एका हमालाला पाच. दाक्षायणीबाई ओसरीकडे पाहत होत्या. सोनाराच्या कपाळावर पिवळं गंध. हमालाच्या कपाळावर लाल कुंकू. मागच्या वेळच्या चादरवाल्याला? पिवळंच होतं. आता त्यांच्या ध्यानात आलं की जोतीरामचा चहा एवढा गोड का असतो.

केराबाई लाल कुंकू लावून ओट्यावर आली. फुलं लागली. डावं पडलं.

"बघा! बघा तिचं पाप!" महाराजांनी आसूड उतरवला. "आई, पालथी हो."

"पालथं न्हाय होता येत, म्हाराज," केराबाई पुटपुटली.

"मग ओणवी हो!"

सिद्धाप्पा खाली उभा होता. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या, पण पाय हलत नव्हते. महाराजांचा हात वर गेला.

दाक्षायणीबाई ओट्यावर कशा चढल्या ते त्यांना नंतरही आठवेना. ताट खणखणत खाली पडलं. त्यांनी बाटलीचं बूच उपटलं आणि औषध थेट देवाच्या उजव्या गालावरच्या फुलावर ओतलं.

फूल काळं झालं. पितळी गालावरून काळा ओघळ हनुवटीपर्यंत आला. शेडमध्ये बायकांनी हंबरडा फोडला. एकजण भोवळ येऊन पडली.

महाराजही क्षणभर दचकले. पण माणूस तयारीचा. लगेच त्यांनी आसूड आभाळाकडं नेला. "पाप बाहेर पडलं! हिचं पाप बाहेर पडलं! देवानं काळं करून दाखवलं! बोला!"

"चांगभलं!"

"आणि ह्या बाईनं देवाला बाटवलं! हाणा हिला!"

पहिला फटका दाक्षायणीबाईंच्या दंडावर बसला. दुसरा मानेवर. जोतीरामनं केस धरून त्यांना खाली ओढलं. कुणाची तरी लाथ बरगडीत बसली, कुणीतरी नारळ फेकला, तो ओट्याच्या कडेवर फुटला. तोंडात रक्ताची चव आली. पण बाटली त्यांनी उराशी धरून ठेवली होती, आणि पडल्या पडल्या त्यांना समोर केळीच्या पानावर नैवेद्य दिसला. महाराजांच्या हातचा, पांढराशुभ्र भात.

त्यांनी उरलं औषध त्यावर उपडं केलं.

भाताची मूद काळी ठिक्कर पडली. पुढच्या रांगेतले लोक थबकले.

"महाराज," दाक्षायणीबाई गुडघ्यांवर उठत म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण मागपर्यंत ऐकू गेला. "हा नैवेद्य तुम्ही रांधला. यात कुणाचं पाप आहे? देवाचं की तुमचं?"

महाराजांनी पायानं केळीचं पान मागं सारलं.

"फुलात पाप नाही, भातात पाप नाही. पिठाचं काहीही या औषधानं काळं होतं. बघा." त्यांनी बाटली निथळून दोन थेंब गंगेच्या वाटीत टाकले. पाणी तांबूस झालं, एवढंच. दोन भीमेच्या वाटीत टाकले. वाटी शाईची झाली.

गर्दीतून सुंदरम्मा पुढं आली. साठीची बाई, जन्म सगळा ताण्याला खळ देण्यात गेलेला. तिनं भीमेच्या वाटीत दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर चोळली, उघडझाप केली. बोटं चिकटली. तिनं ती नाकाशी नेली.

"अय्यो," ती म्हणाली, "ही गंजी की! आमच्या ताण्याची खळ! ही तीर्थ म्हणून मी डोळ्याला लावली रे भाड्या!"

कुणीतरी हसलं. ते हसू शेवटच्या रांगेपर्यंत पोचायच्या आत बदललं.

सगळ्यांत आधी सिद्धाप्पा ओट्यावर आला. त्यानं महाराजांच्या हातातला आसूड हिसकला आणि कचकन चेहऱ्यावर ओढला. गाल फाटला. मग शेड फुटली. पागोटी, चपला, काठ्या, समईसुद्धा. जोतीरामला खांबाशी दाबून त्याचं डोकं आपटत होते. महाराजांना धोतराला धरून फरफटत खाली आणलं. त्यांच्या एका डोळ्यात रक्त उतरलं होतं, आणि सिद्धाप्पा मारतच होता, मोजल्याशिवाय, शब्दाशिवाय. बाहेरून बिरप्पा आला. डाव्या हातात दगड होता. "ह्याचा हात धरा," तो म्हणाला. "उंबऱ्यावर धरा."

लोकांनी धरला.

दाक्षायणीबाई गर्दीत घुसल्या आणि त्या पसरलेल्या हातावर स्वतःचा हात ठेवून बसल्या. सिद्धाप्पाचा एक फटका सुटला होता, तो त्यांच्या पाठीवर पडला. तो आवाज ऐकून सिद्धाप्पाच थिजला.

"बाई, उठा!" बिरप्पा रडत होता. "माझी बोटं गेली, बाई!"

"माहीत आहे. पण मेलेला माणूस बोलत नाही, बिरप्पा. मला याच्या तोंडून ऐकायचंय. तुम्हाला नको ऐकायला?"

केराबाई पुढं आली. तिनं नवऱ्याच्या हातातून आसूड काढून घेतला, सहज, मागावरचं काही उचलावं तसा, आणि महाराजांसमोर पोट सावरत बसली.

"म्हाराज, दारावर आठ आणे लिवलंय. मग आमालाच पाच का?"

महाराजांनी थुंकी टाकली. तीत दात होता. आता त्यांची देवाची भाषा गेली होती. तो नातेपुत्याकडचा हिंदुराव होता, आणि परमुलखात खळीच्या कारखान्यात कामाला होता, हे त्यानं आपणहून सांगितलं. पुढचंही सांगितलं. दगड अजून समोर होता.

"पाच रुपये लिवले तर कोण येईल? आठ आणेच लिवावे लागतात."

"पर देत न्हाईस की."

"देतो. विसांत एकाला देतो. खोटं न्हाय लिवलं. चादरवाल्याला दिले. त्येला दहा जण पैसे द्यायला बसल्यात. पाच सांगितलं असतं तर हसून गेला असता. आन त्यो बाहेर जाऊन सांगतो, मला आठ आण्यानं मिळालं. मग तुमी येता."

"आन आमी?"

"तुमाला कुटं जायला जागा हाय का, त्ये जोतीराम चहा पाजून इचारतो. जागा हाय त्येला पिवळा टिळा. जागा न्हाय त्येला लाल. ज्याला दुसरं दार न्हाय, त्यो पाचबी देतो."

"मग हे मारायचं कशाला? एक रुपया कमी करायला?"

हिंदुराव फाटक्या गालानं हसायला गेला आणि कळवळला. "मार खाऊन पाचाचे चार झाले की माणूस जिंकल्यावानी घरी जातो. आठ आण्याचं नावच काढत न्हाय."

हा फटका सगळ्यांना एकदम बसला होता. सिद्धाप्पानं हात मागे नेऊन आपल्या पाठीला लावला. त्या पाठीवर जखमा होत्या, आणि त्या घेऊन तो हसत घरी गेला होता. बिरप्पाच्या हातून दगड आपोआप खाली पडला.

हवालदार आला तेव्हा तक्रार करणारे इतके होते की त्याला बसायला जागा उरली नाही. बिरप्पानं आपला मोडका हात पुढं केला आणि म्हणाला, "ह्यो देवाचा कोप न्हाय. नावं सांगतो, लिवून घ्या."

अमावास्येला दोन दिवस राहिले असताना दाक्षायणीबाई, केराबाई आणि सिद्धाप्पा विणकरांच्या सोसायटीत गेले. भिंतीवर फलक होता: 'मागासाठी कर्ज, दरसाल शेकडा नऊ रुपये.' कारकुनानं सिद्धाप्पाला बारा सांगितले. सिद्धाप्पा सवयीनं मान खाली घालून 'बरं' म्हणणार, एवढ्यात केराबाई म्हणाली,

"साहेब, भिताडावर नऊ हाय. आमाला बारा का?"

कारकुनानं चष्मा वर केला. असं कुणी विचारत नसावं. "तुमची आमची ओळख नाही, जामीन नाही. पैसे बुडाले तर सोसायटीला भुर्दंड. तो धोका धरून तुम्हाला जास्त."

"जामीन आणला तर?"

"तर दहा."

"आन नऊ कुणाला?"

"जुन्या सभासदांना. दोन वर्षं हप्ते नीट भरले की तुम्हालाही."

केराबाईनं दाक्षायणीबाईंकडं पाहिलं. दाक्षायणीबाईंनी जामीन म्हणून सही केली. दंडावरचा वळ अजून निळा होता, सही जरा वाकडी आली.

"आता कळलं," बाहेर येताना केराबाई म्हणाली. "हितंबी फलकावरचं आमाला मिळालं न्हाय. पर का न्हाय त्ये तरी कळलं. आन कसं मिळंल त्येबी."

मुलगी झाली, तेव्हा मागावर पहिली चादर चढली होती. एका सोमवारी सकाळी केराबाई लेकीला काखेत घेऊन दाक्षायणीबाईंकडे आली. बाई पूजा करत होत्या. तळहातावरच्या लिंगावर त्यांनी ओलं फूल ठेवलं. जरा वेळानं ते घसरून ताम्हणात पडलं.

केराबाईच्या तोंडून निघून गेलं, "बाई, कुटल्या बाजूला पडलं?"

"पाहिलं नाही गं," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "मी काही विचारलंच नव्हतं. देवासमोर मी हात जोडते, तेवढंच. पैशाचा दर देव ठरवत नाही, माणूस ठरवतो, आणि माणसाला विचारता येतं. फलकावर एक आणि माझ्या वाट्याला दुसरं का, हे विचारायचं. कारण सांगितलं तर ते तपासून घ्यायचं. आणि कारणाच्या जागी कुणी फूल, अंगारा नाहीतर आसूड दाखवला, तर पोर काखेला मारायची आणि चालू लागायचं."

केराबाईनं लेकीला या काखेतून त्या काखेत घेतलं. ताम्हणातलं फूल उचलून तिनं बोटांनी चोळून पाहिलं.

"नुसतं पाणी हाय," ती म्हणाली, आणि फूल डोळ्यांना लावलं.